वार लावून द्या

प्रति,
पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काही जण मला चेहऱ्याने ओळखत असतील. पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत मी एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. १९९३ ला लागले तेव्हा मानधन चारशे रुपयांच्या आसपास होतं. तुम्ही आमच्याकडे यायचात ते वाढदिवसाला, गणपतीत, आणि मार्च महिन्यात तर एकामागोमाग एक. गाडी चौकात लावून, गटार ओलांडून, हातात केकचा खोका घेऊन. 'मॅडम, मुलं किती आहेत?' हा पहिला प्रश्न आणि 'फोटो कुठे काढूया?' हा दुसरा. मधल्या वेळात मुलांना टाळ्या वाजवायला लावायचं काम माझं. निवृत्त होऊन आता वर्ष झालंय. मानधन गेलं, त्याबरोबर वरून फोन येईल ही धास्तीही गेली, म्हणून आज लिहायला बसले.

आधीच सांगते, मी केलेलं विसरणारी बाई नाही. आमच्या खोलीतला पंखा तुमच्यातल्याच एकांनी बसवून दिला. पाण्याचा फिल्टर, सतरंज्या, भिंतीवरची बाराखडी, सगळं दात्यांचं. लॉकडाऊनमध्ये तुम्ही पाठवलेल्या किराण्यावर वस्तीतल्या कितीतरी चुली पेटल्या. तरी काही गोष्टी मी एकतीस वर्षं गिळल्या, त्या आता सांगते, आणि शेवटी तुमच्याकडे आठवड्यातला एक ठरलेला वार मागणार आहे.

काही वर्षांपूर्वीच्या जूनमधला दिवस. एकाच दिवशी तीन केक. पहिला सकाळी साडेदहाला, दुसरा साडेअकराला. तिसरा निघालाय असा फोन आला तेव्हा खिचडीचा डबा दारात होता. बचत गटाच्या बायका सकाळी लवकर उठून ती रांधतात; गरम असते तोवर मुलं खातात, गार झाली की चिवडत बसतात. पण पाहुण्यांना मुलं टेबलाभोवती हवी होती, म्हणून मी पंगत थांबवली. पाहुणे आले पाऊण वाजता. अडीच वर्षांचा एक पोरगा भिंतीला टेकून झोपला होता. त्याला उठवलं, हातात केकचा तुकडा दिला. फोटो हलला. तुकडा परत घेतला, पुन्हा दिला. कोणीतरी मध्ये आलं. तिसऱ्यांदा द्यायला गेले तर त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. परत काढून घेणार, असं वाटलं असेल त्याला.

तो पोरगा माझ्या वहीत 'पिवळा' होता. आमच्याकडे दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते, लाल-पिवळी-हिरवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्यापुढे हिरवा. साडेबारा सेंटिमीटर म्हणजे किती, हे बघायचं असेल तर शिंप्याची टेप घेऊन स्वतःच्या मनगटाला लावा. तुमचं मनगट त्याच्या दंडाहून जाड निघेल. अशा मुलाचं पोट वाटीएवढं असतं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, आणि त्या थोड्यात तेल, डाळ, शेंगदाण्याचं कूट हवं. मैद्याने आणि क्रीमने एकदा पोट भरलं की ते पोर संध्याकाळपर्यंत तोंड उघडत नाही. त्या दिवशी अर्धी खिचडी परत गेली.

पंगत थांबवली मी, चूक माझी. तुम्हाला 'आत्ता नको' म्हणायची हिंमत झाली नाही, कारण पुढच्या महिन्यात तुमच्याकडेच सतरंज्या मागायच्या होत्या.

दप्तरांचं तर विचारूच नका. एका डिसेंबरात अडतीस मुलांच्या अंगणवाडीत चार ठिकाणांहून दप्तरं आली. चार वर्षांच्या मुलाने दप्तरात घालायचं काय? पुढे वर्षभर वस्तीत घरोघर खिळ्याला कंपनीच्या नावाची दप्तरं टांगलेली आणि आत कांदे-बटाटे. मार्चमध्येच एवढी गर्दी का होते, हे मला एका कंपनीतल्या मुलीने समजावलं. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात आणि त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आमच्या मुलांची वजनं घसरतात ती जुलै-ऑगस्टात, जुलाब आणि तापाच्या दिवसांत. तेव्हा कोणी फिरकत नाही. चिखल असतो.

'सरकार देतं ना सगळं?' असं तुमच्यातले अनेक जण विचारतात. देतं. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये दर ठरवला दिवसाला आठ रुपये. तीव्र कुपोषित मुलासाठी बारा. त्या आठ रुपयांत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा तेव्हाचा नियम. तुमच्या सोसायटीसमोरच्या टपरीवर आठ रुपयांत चहा मिळतो का, ते बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६ कमी वजनाची निघाली. कुपोषण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो. एवढा मोठा आकडा एकट्या मेळघाटाने होत नाही.

आता काकांचं सांगते. नाव लिहिलं तर रागावतील. सदाशिव पेठेत वाढलेले, बँकेतून निवृत्त झालेले, तुमच्यासारख्याच एका सोसायटीत राहणारे. पत्नीच्या वर्षश्राद्धाला मुलांना गोड वाटायचं म्हणून आले. जिलेबी वाटली. जाताना चपला घालता घालता थांबले आणि म्हणाले, 'बाई, उद्या काय खाणार ही?'

एकतीस वर्षांत हे मला दुसऱ्या कोणी विचारल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परत आले आणि त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगत बसले. वडील कोकणातून शिकायला पुण्यात आलेले, वार लावून जेवलेले. तुमच्यातल्या तरुण मंडळींना हे ठाऊक नसेल. गरीब विद्यार्थी ओळखीपाळखीने सात घरं धरायचा. सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी. घरातल्या बाईला माहीत असायचं की आज आपला वार आहे, भाकरी एक जास्त थापायची. पोराला माहीत असायचं की आज कुठलं दार. काकांच्या वडिलांना सहाच घरं मिळाली होती. 'वडील शनिवारचा उपास करायचे,' काका म्हणाले. 'लोकांना वाटायचं मारुतीचा. मारुतीचा कसला, त्या वाराला घर नव्हतं.' १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं ते अशाच मुलांसाठी, आणि त्याचीही सुरुवात माधुकरीवरच, म्हणजे घरोघर मागून आणलेल्या अन्नावरच, झाली.

मला राहवलं नाही. म्हटलं, 'काका, माझ्या आजोबांना तुमच्या पेठेत कोणी ओसरीवर बसू दिलं नसतं. त्यांना कोण वार लावून देणार होतं?' खोटं नव्हतं ते. वार मिळायचे ते आपल्या जातीच्या मुलाला. आमच्यासारख्यांच्या मुलांचं ज्यांनी बघितलं ते फुले. १८७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी त्यांनी बालाश्रम काढला तो धनकवडीला, आमच्या वस्तीपासून चार-पाच किलोमीटरवर. काका थोडा वेळ गप्प बसले. 'खरं आहे,' म्हणाले. चहा संपवला, कप स्वतः नळाखाली विसळून पालथा घातला आणि विचारलं, 'मग मला कुठला वार देता?'

मी बुधवार दिला.

बुधवारच का, तर त्या सुमारास माझ्यापुढे एक तीन वर्षांची पोर होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि मला बाजूला बोलावलं. हृदयाला छिद्र होतं. चार पावलं चालली की धाप लागायची, ओठ सुकायचे, वजन तर महिनोन्‌महिने हलत नव्हतं. आम्ही तिला कूट-गूळ भरवत होतो आणि अंगाला लागत नाही म्हणून आईला बोल लावत होतो. ते ऐकून आई मान खाली घालायची, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

ऑपरेशन योजनेतून फुकट होणार होतं. मी आईला म्हटलं, 'एक पैसा लागणार नाही.' ते खोटं आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ज्या दवाखान्यात नाव लागलं तिथे मुलांच्या हृदयाची ओपीडी बुधवारी. पुढे मी वहीत मोजत गेले. ऑपरेशनच्या आधी नऊ फेऱ्या: केसपेपर, टूडी इको, रक्त, दात, पुन्हा रक्त, सर्दी झाली म्हणून परत पाठवलं, शिक्का राहिला म्हणून परत पाठवलं. मग अॅडमिट अकरा दिवस. नंतर तपासणीच्या पाच फेऱ्या. एकूण पंचवीस दिवस.

पोरीची आई चार घरची धुणं-भांडी, केर-फरशी करते. चार घरांचे मिळून अकरा हजार. महिन्याला दोन खाडे चालतात, वर झाले की पैसे कापायचे, असा तुमच्या सोसायट्यांत रिवाज आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. सात महिन्यांत तिचे पंचवीस खाडे झाले ते त्या दोनांपेक्षा वेगळेच. तिला स्वतःला ताप येतो, पाळी येते, गावाकडे कोणी मरतं, ते धरलेच नाहीत. एका घराने दुसरी बाई लावली. दोन घरांनी कापले. एका घरातल्या आजींनी मात्र पैसे हातावर ठेवले आणि म्हणाल्या, 'पोरीचं आधी कर.' रिक्षाचं भाडं वेगळं. अंगावर टाके असलेलं मूल घेऊन बसमध्ये कोण चढणार? शून्य रुपयांच्या ऑपरेशनला त्या घराचे दहा हजारांच्या आसपास गेले.

मधल्या काळात एके दिवशी ती अंगणवाडीत आली तेव्हा भिंतीवर तुमच्या केकच्या कार्यक्रमाचा फलक अजून लटकत होता. सोसायटीचं नाव, खाली 'एक हात मदतीचा'. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि साधेपणाने म्हणाली, 'बाई, हे तर माझंच काम आहे. सी विंगला.' खाडे कापणाऱ्या दोन घरांपैकी एक तिथलंच होतं.

मी ते कोणाला टोमणा मारायला सांगत नाही. ज्या बाईंनी पैसे कापले त्याच बाईंनी केकला वर्गणीही दिली असेल, आणि दोन्ही वेळा त्यांच्या मनात वावगं काही आलं नसेल. आपल्याकडे हिशेब एका वहीत आणि धर्म दुसऱ्या वहीत. पण मूल एकच आहे.

हा खाड्याचा विषय पुण्याला नवा नाही. १९८० साली या शहरातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढीच्या बरोबरीने हक्काची सुट्टी ही त्यांची मागणी होती. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही केला. पंचेचाळीस वर्षं उलटली तरी आमची बाई दोन खाड्यांवरच आहे.

काकांनी बुधवारी काय केलं? वीरपणा काही नाही. सकाळी साडेसातला दवाखान्यात जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, आई-मुलगी नऊला पोचेपर्यंत नंबर जवळ आलेला असायचा. रेशन कार्डाच्या, आधारच्या, उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स खिशात. डॉक्टर भराभरा काय बोलले ते वहीत लिहून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर तिला दोनदा समजावून सांगायचे. खिडकीवरचा माणूस तिच्याशी ज्या आवाजात बोलायचा तो आवाज काका शेजारी उभे असले की बदलायचा. हे बरोबर नाही, पण असं होतं, आणि तुमच्या पांढऱ्या केसांचा, स्वच्छ शर्टाचा, इंग्रजी सहीचा तेवढा उपयोग आमच्या मुलांना व्हावा असं मला वाटतं.

पुढे दुसऱ्या एका मुलाच्या वेळी तर काकांनी कमाल केली. पोराला न्युमोनिया, सरकारी वॉर्ड भरलेला, म्हणून एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही. काउंटरवर उत्तर मिळालं, गरिबांचे बेड शिल्लक नाहीत. काका बँकेत आयुष्य काढलेले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, 'रजिस्टर बघू का?' कारण त्यांनी नियम वाचून ठेवला होता. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयाला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. वर्षाला एक लाख ऐंशी हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत दुर्बल. पुणे जिल्ह्यात अशी रुग्णालयं पन्नासच्या वर आहेत. रजिस्टर बाहेर आलं नाही, पण वीस मिनिटांत बेड निघाला. हा नियम आमच्या वस्तीत कोणालाच माहीत नव्हता. मलाही नव्हता, एकतीस वर्षं काढून. तुमच्या सोसायटीत दोन वकील आणि एक चार्टर्ड अकाउंटंट नक्की असतील. त्यांनी महिन्यातून एक सकाळ हे कागद वाचून दाखवायला दिली तर ती शंभर दप्तरांना भारी पडेल.

त्या पोरीची थोरली बहीण राहिलीच. नऊ वर्षांची, चौथीत. आई दवाखान्यात, बाप गवंड्याच्या हाताखाली, तर दहा महिन्यांचा धाकटा भाऊ कोणी सांभाळायचा? हिने. तिचेही शाळेला पंचवीस खाडे, तिच्या वहीत कोणी मोजले नाहीत. वर्गात तेवढ्यात भागाकार होऊन गेला. शाळेतून नाव कोणी काढलं नाही, शिक्षण हक्क कायदा आहे. पण पाचवीत गेली तेव्हा फळ्याकडे बघायचं तिने सोडलं होतं. तुम्ही 'गरीब मुलींच्या शिक्षणासाठी' चेक देता तेव्हा ही मुलगी त्यात कुठेच बसत नाही. फी तिची माफ आहे, पुस्तकं फुकट आहेत. तिला हवी आहे दुपारी भावाला ठेवायला जागा.

अंगणवाडी दुपारपर्यंतच असते. आया परततात पाच वाजता. मधले तीन-चार तास हे पुण्यातल्या हजारो मुलांचे बेवारस तास आहेत. मूल दहा रुपयांचा तिखट पुडा घेऊन पायरीवर बसतं, ते त्याचं दुपारचं जेवण. बांधकामाच्या साइटवर हे ओळखून लोकांनी कामं उभी केली. डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९८८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पाच वर्षांनी पुण्यात आली, मुलं शाळेत येईनात तर शाळा मुलांच्या दारात नेली. वस्तीला ते पुरत नाही. आणि तुमच्या आवारात, त्याच बायका जिथे काम करतात तिथून पन्नास पावलांवर, एक क्लब हाऊस दुपारभर बंद असतं. मी पाहिलंय. टेबल टेनिसच्या टेबलावर चादर घातलेली असते. दुपारी दोन ते पाच तिथे वीस मुलं बसली, एखादी पाचशे रुपये रोजाची बाई सांभाळायला ठेवली, आणि एखाद्या आजोबांनी भागाकार घेतला तर काय बिघडेल? मला उत्तर ठाऊक आहे. लिफ्टशेजारी पाटी आहे ना, 'घरकामगारांनी मागील लिफ्ट वापरावी'. ज्यांच्या आईला पुढच्या लिफ्टमध्ये घेत नाही त्यांना क्लब हाऊसमध्ये घ्यायला सर्वसाधारण सभेत ठराव लागेल. मांडून तर बघा. काकांनी त्यांच्या विंगमध्ये कागद फिरवला होता: 'बाईचं मूल दवाखान्यात असेल तर तो खाडा धरायचा नाही.' बावीसपैकी चौदा घरांनी सही केली. उरलेल्या आठांतल्या एकांनी विचारलं, 'पुरावा काय?' काका म्हणाले, 'केसपेपर मी दाखवतो.' आता पंधरा आहेत.

अंड्यांचं सांगते आणि आवरतं घेते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं सुरू झालं. मुलं त्या दिवशी शाळा चुकवत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे सरकारी पैसे बंद झाले. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. तो लोकसहभाग म्हणजे तुम्ही-आम्हीच. आमच्या अंगणवाडीपुरता हिशेब करून बघा. अडतीस मुलं, सात रुपयांचं अंडं, दोनशे सहासष्ट रुपये. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे तेरा हजार आठशे बत्तीस. तुमच्या त्या जूनच्या तीन केकांचं बिल, फुगे आणि फलक धरून, मला वाटतं याच्या अर्ध्याच्या आसपास गेलं असेल. तुमच्यात अंडं चालत नाही, हे मी जाणते. मला एकदा एका ताईंनी 'आमच्या पैशाचं अंडं नको हं' असं बजावलं होतं. हरकत नाही. शेंगदाण्याची चिक्की द्या, केळं द्या, फुटाणे-गूळ द्या. मात्र वार ठरवा आणि तो वार चुकवू नका. मूल वारावर विसंबतं. एका सोसायटीने सलग सात सोमवार केळी पाठवली आणि आठव्या सोमवारी विसरली, तेव्हा दुपारी एकपर्यंत चार मुलं दारात उभी होती. सात सोमवार मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर कुठेच दिसत नव्हता.

ज्यांना रोख द्यायचं आहे त्यांनाही सवयीचे मार्ग आहेत. क्षयरोग्यांसाठी २०२२ मध्ये नि-क्षय मित्र ही सरकारी योजना सुरू झाली, त्यात रुग्णाच्या आहाराची जबाबदारी किमान सहा महिने घ्यावी लागते. ही सहा महिन्यांची अट मला फार आवडली. आमच्या लाल-पिवळ्या मुलांसाठी तशीच अट मी घातली असती, मला कोणी विचारलं असतं तर.

ती पोर आता सहाची होईल. डोंगराच्या पायऱ्या चढून देवळापर्यंत जाते आणि वर पोचून खाली आईला हाका मारते. छातीवर उभा व्रण आहे. तो मुलांना फ्रॉकची मान खाली ओढून दाखवते, मी रागावते. थोरलीचा भागाकार काकांनी घेतला. मागचे धडे अजून कच्चे आहेत.

अंगणवाडी सकाळी दहाला उघडते. नवी टीचर चांगली आहे, मी तिला सांगून ठेवलंय. येताना केक आणू नका, कॅमेरा आणलात तर पिशवीतच ठेवा. सोमवार केळ्यांचा आहे, त्या सोसायटीने पुन्हा धरलाय आणि आता भिंतीवर कॅलेंडर लावलंय. बुधवार काकांचा. मागच्या महिन्यात त्यांना ताप होता, तर मंगळवारी रात्री नऊला मला फोन आला. 'बाई,' म्हणाले, 'उद्या माझा खाडा. कोणीतरी बघा.' मी गेले.

मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मोकळे आहेत.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
पर्वती पायथा, पुणे